बापू पैलवानांचं शवासन

कम्युनिटीतल्या मंडळींनो, सकाळपासून दुकानात बसलोय, पण जीव थाऱ्यावर नाही. म्हणून इथं लिहितोय.

आमच्या योगवर्गाला आज बापू पहिल्यांदा आले. सत्तरीचे, जुने पैलवान. बीपीमुळं डॉक्टरांनी धाडलंय. सगळी आसनं जोरात केली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता शवासन. उताणे पडा." सगळे उताणे, बापू एकटे पालथे.

"बापू, पाठ टेका की."

"न्हाय जमायचं. उभ्या जन्मात कुणाला पाठ टेकवू दिली न्हाय!"

आम्ही खदाखदा हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "बापू, समोर कोण हाय? कुणीच न्हाय की."

बापूंनी खरंच मान उचलून समोर बघितलं. मग हळूच वळले, पाठ टेकली आणि थोड्या वेळात घोरायलाच लागले.

आणि मी? त्यांच्या शेजारी डोळे मिटून पडलेला, मनात मात्र दुकान उघडायची घाई. मोबाइल थरथरला तसा ताडकन उठून बाहेर पळालो. बघतो तर कसल्याशा जाहिरातीचा मेसेज.

समोर कुणी नाही, हे बापूंना पटलं. मी मात्र अजून शड्डू ठोकून उभा आहे. कुणासमोर, ते तुम्हीच सांगा.