तहानलेली बोट

बोटीला चोपडायच्या माशाच्या तेलाचा वास आला की मला दुबईतल्या देऱ्याचा धक्का आठवतो. पर्यटकांना खाडीत फिरवायची आमची लाकडी बोट रंगकामासाठी दोन महिने उन्हात उभी होती. पाण्यात उतरवली आणि फळ्यांच्या फटींतून पाणी घुसलं. तिथली दहा वर्षांची कमाई मी त्या बोटीत घातली होती. मी धक्क्यावरून ओरडलो, "यल्ला, चला लवकर, वर काढा!" बोट चालवणारा आमचा रत्नागिरीचा म्हातारा तांडेल बोटीतल्या घोटाभर पाण्यात बसूनच म्हणाला, "शेट, लाकूड सुकलंय. फुगलं की फटी मिटतील. पिऊ दे तिला." संध्याकाळपर्यंत गळती थांबली खरी. तेव्हा कुठे मला दिसलं, त्याने आपला मोबाइल आणि पाकीट आधीच धक्क्यावर काढून ठेवलं होतं. आता सुकलेली बोट पाण्यात उतरवताना मीही आधी खिसे रिकामे करतो आणि मग शांतपणे म्हणतो, "पिऊ दे तिला."