पारोच्या मैदानात औशाचा बहाद्दर

आधी चहाचा घोट घशाखाली उतरू द्या. पुढं मी जे सांगणार हाय, त्यात कुणाला ठसका लागला तर मी जबाबदार न्हाई!

तर आम्ही भूतानला गेलो होतो. मी अन् आमची रत्ना. तुम्ही म्हणाल, औशात फरशी विकणारा माणूस तिकडं कशाला तडमडला? अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईला मी सोलापूरच्या पलीकडं नेलं नव्हतं. म्हटलं, आता न्यायचं तर थेट विमानानंच!

इवलासा देश, पण काय एकेक जुना किल्ला! पांढऱ्याशुभ्र भिंती, लाकडी सज्जे, त्यावर अशी रंगीत नक्षी की बघतच राहावं. आमचा गाइड कर्मा. हिंदी फर्डी बोलायचा. तो कौतुकानं किल्ला दाखवायचा अन् मी प्रत्येक ठिकाणी म्हणायचो, "हां, अच्छा है. हमारे औसा में भी है."

रत्ना चिमटा काढायची. "अहो, आधी बघा तरी! मग बोला."

त्या दिवशी कड्यावरचा मठ चढून आलो. छाती फुगून ही एवढी! त्याच तोऱ्यात पारो गावाबाहेर उतरलो. कर्मा गाडी लावायला गेला. समोर लांबलचक हिरवं मैदान. अन् एका टोकाला गुडघ्यापर्यंतचे झगे घातलेले गडी, माझ्याकडं बघून दोन्ही हात हलवायलेत!

"रत्ना, बघ. पाहुण्याची कदर बघ या लोकांना!"

"अहो, ते ओरडायलेत."

"प्रेमानं ओरडायलेत!"

शिरलो की सरळ मैदानात. तेवढ्यात कानाजवळून 'सूंऽऽ' करून काहीतरी गेलं. मला वाटलं, भुंगा. मी हातानं हाकलला.

ते गडी आता जास्तच जोरात हात हलवायला लागले. एक जण तर जागच्या जागी उड्या मारायला लागला. मग मी कशाला मागं राहू? वरातीत मारतो तशा दोन गिरक्या मारल्या!

मागनं कर्मा बोंबलत आला. "सर! तीर! तीर चल रहा है!" अन् माझा दंड धरून त्यानं खसकन बाजूला ओढलं.

वळून बघतो तर काय! एक रंगीत लाकडी फळी, अन् तिच्या शेजारी मातीत घुसलेला माझा 'भुंगा'! तिरंदाजी चालू होती हो, अन् मी नेमाच्या फळीपुढं वरात काढली होती!

सगळे धावत आले. मला वाटलं, आता खातो मार. तर माझी पाठ थोपटायलेत! कर्मा म्हणाला, "सर, ये बोलते हैं, कान के पास से तीर गया, फिर भी आदमी डरा नहीं. उल्टा नाचा!"

आता भुंग्याचं सांगायचं का? छे! मिशीला पीळ दिला. "हमारे मराठवाडा में ऐसाइच है."

इथंच चुकलो. त्यांनी माझ्या हातात धनुष्यच दिलं. पाहुणा म्हणून फळीच्या लई जवळ उभं केलं. मी दात-ओठ खाऊन दोरी ओढली. बाण पडला माझ्याच बुटापाशी. पुन्हा ओढली. बाण गेला गवतात. औशाची, लातूरची, साऱ्या मराठवाड्याची इज्जत त्या गवतात पडलेली!

रत्नानं ओढणी कमरेला बांधली. "आणा इकडं."

"अगं, आपली इज्जत..."

"ती गेली कवाच. आणा म्हणते ना!"

तिनं एक डोळा मिटला, दोरी ओढली, अन् 'टक्!' बाण थेट फळीत!

"अगं, हे कुठं शिकलीस?"

"माहेरी उमरीकडं लहानपणी ज्वारीवरची पाखरं गोफणीनं कोण उठवायचं? तुम्ही कधी विचारलंच न्हाई!"

मग काय जल्लोष राव! नेम लागल्याचा मान म्हणून तिच्या कमरेला त्यांनी पिवळी पट्टी बांधली. फेर धरला. गाणं सुरू झालं. अन् गाताना सारखं माझ्याकडं बोट! मी वळखलं, हे बहाद्दराचं गाणं. मी फेराच्या मधोमध शिरलो, असा नाचलो की विचारू नका! वर "वन्स मोर!" म्हणून परत म्हणायला लावलं, मोबाइलमध्ये घेतलं, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना पाठवलं, अन् फोनची रिंग म्हणून तेच लावून टाकलं!

निघायच्या दिवशी विमानतळावर रांगेत उभे. मेव्हण्याचा फोन आला. गाणं दणक्यात सुरू! काउंटरवरचा गणवेशातला माणूस शिक्का हातात धरून खदाखदा हसायला लागला. कर्मा तर आमच्या बॅगेवरच बसला, पोट धरून.

"सर, गाने का मतलब मालूम है?"

"हौ. हमारी बहादुरी!"

त्यानं डोळे पुसले अन् कसंबसं सांगितलं. गाण्याचा अर्थ असा होता: 'लाकडाची फळी केवढीशी, औशाचं पोट केवढं मोठं! एवढं मोठं अगदी शेजारी उभं असताना त्या बाईनं लांबचं लहानच टिपलं. काय तिचा नेम!'

तेवढ्यात गाणं पुन्हा सुरू! मी घाईघाईनं फोन काढला. तर रत्नानं माझा हात धरला.

"उचलू नका. पूर्ण वाजू द्या."