मीटरपेक्षा मोठा आकडा

ठाण्यात रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण भीतीने टेबलाखाली शिरलेला माणूस एकच. त्याची केस मी विसरू शकलेलो नाही.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. मी शिरूर तालुक्यात फौजदार होतो. न्हावऱ्याहून तळेगाव ढमढेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दूध घालायला सायकलवर निघालेल्या एका म्हाताऱ्याला भरसकाळी जीपने उडवलं. म्हातारा जागीच गेला. पळालेली जीप पांढरी होती, एवढंच एका बाईने पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी निनावी फोन आला. "डेअरीची मशिनं दुरुस्त करतो ना, त्याची जीप बघा. पुढचा दिवा नवा बसवलाय."

हा माणूस चाळिशीचा, डेअरीला मशिनं पुरवणाऱ्या कंपनीचा कंत्राटी कारागीर. स्वतःच्या जीपने गावोगाव फिरायचा आणि कंपनीकडून किलोमीटरप्रमाणे प्रवासखर्च घ्यायचा. कंपनीतून त्याचे फॉर्म मागवले. अपघाताच्या तारखेला त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: शिरूर, न्हावरे, तळेगाव आणि परत. शेजारी मीटरचा आकडा.

मला वाटलं, केस संपली. त्याला जीपसकट ठाण्यात आणलं.

"गेला होतास का त्या रस्त्याला?"

"व्हय साहेब, गेलतो. पण मी कुणाला धडकलो न्हाई."

"दिवा कशाने फुटला?"

त्याने मान खाली घातली. मी एक थोबाडीत दिली. तरी त्याचं तेच, "मी कुणाला धडकलो न्हाई." दुपारपर्यंत म्हाताऱ्याच्या गावची माणसं फाटकाशी जमली. "त्याला बाहेर काढा!" असा ओरडा सुरू झाला. त्या आवाजासरशी तो टेबलाखाली सरकला. हवालदाराने आत येऊन सांगितलं, "साहेब, दगडं गोळा करायला लागलेत. जास्त बंदोबस्त मागवा." मी लगेच बंदोबस्तासाठी फोन लावला.

बंदोबस्त येईपर्यंत जीपचा पंचनामा उरकावा म्हणून मागच्या अंगणात गेलो. मीटर वाचून पंचांना आकडा सांगितला, फॉर्म काढून ताडून पाहिला आणि थबकलो. फॉर्मवरचा आकडा मोठा होता. जीप तेवढी चाललीच नव्हती.

आत जाऊन फॉर्म त्याच्यासमोर धरला. "ही फेरी तू केलीच नाहीस."

तो हुंदके देऊ लागला. "न्हाई केली, साहेब. गाडी चार दिवस दौंडला गॅरेजात व्हती. दिवा बी तिथंच बदलला. पण फेरी खोटी हाय म्हणलो तर कंपनी फसवणुकीची केस करंल, काम जाईल. आन् अपघात मी केलाच न्हाई, मंग तो माझ्यावर कसा येईल, असं वाटलं."

दौंडला माणूस पाठवला. गॅरेजवाल्याने जबाब दिला की त्या सकाळी जीपचा गिअरबॉक्स जमिनीवर सुटा पडला होता. पुढच्या आठवड्यात खरी जीप सापडली. अपघाताच्या जागी मिळालेले काचेचे तुकडे तिच्या दिव्याला जुळले.

त्याला मात्र गॅरेजवाल्याचा जबाब आल्यावर त्याच रात्री सोडलं होतं, तेव्हा बायको न्यायला आली होती. तिने त्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

खोटा जबाब ओळखायला आम्हाला शिकवतात. पण खोटं बोलणारा प्रत्येक जण आपण शोधतो त्याच गुन्ह्यासाठी खोटं बोलत नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या अंगणात मी मीटर वाचला नसता, तर एका निरपराध माणसाला त्याच्याच हस्ताक्षराच्या जोरावर मी कोर्टात उभं केलं असतं. आणि त्यानंतर मला झोपही छान लागली असती.