चाळीस चुलींची चौकशी

हसायचं नाही असं आधी कबूल करा. नाही म्हणता? बरं, मग निदान हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा आमच्या वन्संना असा ठसका लागला की चहा नाकातून बाहेर आला!

तर मंडळी, मी एकटीनं, एका खुर्चीत बसून, नुसत्या फोनच्या जोरावर चाळीस धडधाकट चुली मोडीत काढल्यात. खरंच सांगते!

झालं असं, की नवऱ्याची रेल्वेत बदली झाली आणि नाशिकचं बिऱ्हाड उचलून आम्ही कोलकात्याला आलो. तो सकाळी गार्डन रीचच्या ऑफिसात गेला की मी घरात भिंतींशी गप्पा मारायची. नाशिकला बचत गटांचं काम केलेलं होतं, त्या पुण्याईवर बेहालाच्या एका छोट्या संस्थेत नोकरी मिळवली. हुद्दा काय, तर 'मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन असिस्टंट'! सासूबाईंना फोनवर ऐटीत सांगितलं.

"म्हणजे नक्की काय करायचं गं?"

"म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नीट झालंय की नाही ते बघायचं."

"आणि त्याचा पगार देतात? मी इतकी वर्षं फुकट करतेय की!"

असो. संस्थेनं रस्त्यावर चहाचे, भाताचे ठेले चालवणाऱ्या चाळीस बायकांना कमी धुराच्या चुली दिल्या होत्या. चुली बनवल्या होत्या हावड्याच्या हाराधनबाबूंनी. छोटासा कारखाना, पण माणूस हाताचा पक्का. चुली देऊन सहा महिने झाले होते. त्या टिकल्या का, धूर कमी झाला का, बायकांचा खोकला थांबला का, हे शोधून मी अहवाल द्यायचा. तो चांगला आला तर हाराधनबाबूंना आणखी शंभर चुलींचं काम मिळणार होतं.

आमच्या मुख्य शर्मिलादी. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सगळं समजावलं. "हे बघ, चाळीस चुली वाटल्या हे मोजायला शिपाईसुद्धा पुरतो. त्यानं बायकांच्या जगण्यात काय फरक पडला, ते शोधणं म्हणजे मूल्यमापन. प्रश्न तयार केलेस की आधी चार-पाच जणींना विचारून बघ, त्यांना कळतात का. आणि काहीही झालं तरी दोन-चार ठिकाणी स्वतः जाऊन डोळ्यांनी बघून ये."

मी मान डोलावली. अगदी मनापासून डोलावली हो! पण बाहेर एप्रिलचं ऊन काय होतं म्हणता! बसमधून उतरलं की आपणच भातासारखे शिजतोय असं वाटायचं. म्हटलं, एवढे साधे प्रश्न, ते काय आधी विचारून बघायचे? आणि बघायला कशाला जायचं? फोन कशासाठी असतो?

राहता राहिली भाषा. तर बंगाली मला तीन महिन्यांत येऊ लागली होती. माझ्या मते. भाजीवाला, मासेवाला, रिक्षावाला, सगळ्यांशी मी बोलायचे. युक्ती सोपी होती: मराठी शब्द घ्यायचा, तोंडाचा चंबू करायचा आणि सोडून द्यायचा.

पहिला फोन लावला मालतीमाशींना, म्हणजे आपल्याकडच्या मालतीमावशी म्हणा. त्यांचा चहाचा ठेला आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. हो, दहाच!

"नोमोश्कार माशी! मी संस्थेतून बोलतेय. आपनार चुल केमोन आछे?" म्हणजे, तुमची चूल कशी आहे?

पलीकडून एक लांब सुस्कारा. "काय सांगू दीदी! खूब पोडछे!"

पोडछे म्हणजे पडतेय, एवढं मला येत होतं. बाप रे! सहा महिन्यांत चूल पडायला लागली? मी लिहिलं: 'ढासळत आहे.'

"त्यात काय घालता?"

"नारळाचं तेल. दुसरं काय घालणार?"

मी हादरले. चुलीत खोबरेल? भडका उडेल की बाई! लाल पेनानं लिहिलं: 'अत्यंत धोकादायक वापर.'

"आणि साफ कधी करता?"

"आठवड्यातून दोनदा. शॅम्पू लावून."

आता मला सांगा, शॅम्पू ऐकल्यावर तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? पण नाही! मला भरून आलं. म्हटलं, किती जपतात बायका संस्थेनं दिलेल्या वस्तूला!

दुसरी म्हणाली, "माझं तर पेके गेछे." म्हणजे पिकलंय, पक्कं झालंय. मी लिहिलं: 'भाजून मजबूत झाली आहे.' तेवढा एक चांगला शेरा. तिसरीला विचारलं, घरात आणखी कोणाची वेगळी चूल आहे का? ती म्हणाली, "नवऱ्याची तर दहा वर्षांपासून नाहीच." मला वाईट वाटलं. लिहिलं: 'नवरा बाहेर जेवतो. कौटुंबिक कलह.'

दोन दिवसांत चाळीस फोन झाले. चाळीसपैकी एकतीस चुली 'ढासळत' होत्या! मी रंगीत तक्ते काढून इंग्रजीत अहवाल केला आणि पाठवला. शेवटी शिफारस केली, की हा कारागीर ताबडतोब बदलावा.

अहवाल वाचून शर्मिलादींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हाराधनबाबूंना फोन केला. पलीकडून इतका मोठा आवाज आला, की तो हावड्याहून फोनशिवायसुद्धा ऐकू आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः हजर. टेम्पोत माती, विटा, लोखंडी कड्या आणि दोन मजूर. कारखाना बंद ठेवून आले होते. साठीचा माणूस, डोक्यावर कापडी टोपी, डोळे लाल. चहा विचारला तर म्हणाले, "आधी माझी पडलेली चूल दाखवा. मग चहा."

माझी छाती अभिमानानं फुगली होती हो! वाटलं, बघा, याला म्हणतात मूल्यमापन!

आम्ही मालतीमाशींच्या ठेल्यावर पोचलो. चूल ताठ उभी! वर किटली उकळतेय, धुराचा मागमूस नाही. हाराधनबाबू उकिडवे बसले. चूल ठोकली, हलवली, चारी बाजूंनी पाहिली.

"कुठे पडतेय?"

"काय पडतंय?" मालतीमाशी चिडल्या. "चांगली चालू आहे ना! ही आल्यापासून माझ्या डोळ्यांतून पाणी नाही आलं. हलवता कशाला? दूध सांडेल!"

शर्मिलादींनी अहवाल उघडला. "पण फोनवर तुम्हीच सांगितलंत ना, की पडतेय?"

"मी चुल म्हटलं होतं, चुल!" असं म्हणून माशींनी अंबाडा सोडला, बोटं फिरवली आणि दहा-बारा केसांचा पुंजका आमच्यासमोर धरला. "हे काय! मला वाटलं, तुमचं आरोग्य शिबिर असतं, त्यातलंच काहीतरी विचारताय!"

मंडळी, बंगालीत चुल म्हणजे केस!

चुलीला म्हणतात उनुन. किंवा चुलो. चुलो! बघा, तीन महिने मी दिसेल त्या शब्दाला ओकार लावत फिरत होते, आणि जिथं खरा हवा होता तिथंच नेमका गिळला.

खोबरेल... शॅम्पू... पिकलेले... आणि तो बिचारा दहा वर्षांपासून टक्कल पडलेला नवरा, ज्याचा मी संसार मोडून टाकला होता! माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. शर्मिलादींनी अहवाल तोंडासमोर धरला होता, पण त्यांचे खांदे हलत होते.

हाराधनबाबू मात्र हसत नव्हते. सावकाश उठले, माझ्यासमोर आले.

"दीदी, चुलीची मी तीन वर्षांची गॅरंटी देतो." मग त्यांनी टोपी काढली. खाली तुळतुळीत! "केसांची दिली होती का कधी?"

सगळा रस्ता हसला. टेम्पोवाला तर खाली बसून हसला.

शिक्षा मात्र झाली. पुढचे चार दिवस भर उन्हात, पायी, चाळीस ठेल्यांवर. प्रश्न आधी पाच जणींना विचारून बघितले, उत्तरं डोळ्यांनी तपासली. चुली उत्तम होत्या. खोकला कमी झाला होता. हाराधनबाबूंना शंभर चुलींचं काम मिळालं.

शेवटच्या ठेल्यावरच्या बाईंनी मला आपणहून स्टूल दिलं आणि हळूच म्हणाल्या, "दीदी, आम्ही सगळ्याजणी बोलत होतो. सगळ्यांना फोन करून इतक्या काळजीनं केसांचं विचारणारी बाई, तिचे स्वतःचेच फार गळत असणार! हो ना? घाबरू नका. जास्वंदीची फुलं नारळाच्या तेलात उकळायची..."

आता खोटं कशाला बोलू? त्या धसक्यानं चार दिवस कंगवाभर केस येत होते. मी फॉर्मवर 'चूल समाधानकारक' लिहिलं, तो उलटा केला आणि विचारलं, "किती फुलं म्हणालात?"