एक परस म्हणजे चार फूट दहा इंच

कौसाआजी आज सकाळी गेल्या, आणि माझ्या रिपोर्टमध्ये त्या अजून चुकीच्याच आहेत.

तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत नाही. माढ्याजवळच्या एका वस्तीवर राहायच्या. माझ्या नात्यातल्या नव्हत्या. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी सोलापुरातून जाऊन तिथल्या विहिरी मोजत होते, तेव्हा सहा रविवार त्यांच्याकडे जेवले.

पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या आम्हा सगळ्यांना एकच घाई असते. स्किल्स. पाण्याचे नमुने, मॅपिंग, डेटा. सीव्हीत एकेक ओळ वाढली पाहिजे.

आजींनी पत्र्याच्या पेटीतून मला चार वह्या काढून दिल्या. सत्तरच्या दशकातल्या. दुष्काळात वस्तीच्या विहिरीचं पाणी दर सोमवारी किती खोल गेलं, त्याच्या नोंदी. पाऊस परतल्यावरही काही वर्षं चालू ठेवलेल्या.

प्रत्येक पानाखाली त्यांच्या मिस्टरांची सही. नोंदी ठेवायचं काम ग्रामपंचायतीने त्यांच्याकडे सोपवलेलं होतं. ते आता भिंतीवरच्या फोटोत.

नोंदी परसात होत्या. परस म्हणजे एका माणसाची उंची. विहिरीची खोली पूर्वी तशीच सांगायचे. मी सरळ सहा फूट धरले.

एका उन्हाळ्यात आठ परस. म्हणजे अठ्ठेचाळीस फूट.

विहीर मी स्वतः टेपने मोजली होती. एक्केचाळीस फूट. खाली खडक.

पाणी तळाच्याही खाली असू शकत नाही. मी लिहिलं, "निरीक्षकाच्या नोंदी अविश्वसनीय. विश्लेषणातून वगळल्या."

सर म्हणाले, "गुड. असंच कडक राहायचं."

सीव्हीत ओळ वाढली. डेटा क्लीनिंग.

हे आजींना सांगायला मी मुद्दाम गेले. त्याला मी प्रामाणिकपणा समजत होते.

"आजी, या नोंदी वापरता येणार नाहीत."

"का गं? उंदरानं खाल्ल्यात व्हय?"

"नाही. आकडे जुळत नाहीत."

"म्हंजी खोटं हाय?"

"खोटं नाही म्हणत मी. अविश्वसनीय."

"त्ये येगळं आसतं का?"

मी वह्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी वह्या पदराने पुसल्या आणि परत पेटीत ठेवल्या. मग म्हणाल्या, "भाकरी खाऊन जा." मी खाल्ली.

रिपोर्ट जमा झाला. त्यानंतर पाण्याचा एक नमुना राहिला होता म्हणून परत गेले. त्यांच्या दाराच्या चौकटीला टेकून बूट काढत होते. हाताला लाकडात एक खाच लागली.

"आजी, ही खाच कसली?"

"दोर मापायची. उंबऱ्यापासनं हितपातूर एक परस. तेवढ्यावर चिंधी बांधायची, की फुडं दुसरा परस. दोर कवाच कुजला."

टेप खिशातच होता. चार फूट दहा इंच.

मी फोटोकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या.

"मालकांकडं काय बघतीस? त्ये ह्या दारातनं कवा सरळ आलेच न्हाईत. तीनदा टकुरं फुटलं त्येंचं."

मग चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. खाच डोक्याच्या चार बोटं वर होती.

"आता वाकले मी. तवा बरुबर लागायची."

मिस्टर दिवसभर खडी फोडायला जायचे. विहिरीत दोर सोडायच्या आजी. आकडाही त्याच लिहायच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. मिस्टर संध्याकाळी येऊन सही करायचे.

मी तिथेच गुणाकार केला. आठ परस, अडतीस फूट आठ इंच. तळाला दोन फूट चार इंच पाणी.

"त्या उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत होतं, आठवतंय?"

"न आठवाय काय झालं? उतरून भरायची की मी. गुडघ्याच्या वर, मांडीला."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुटं? आन सही मालकांची हाय. मी मोजलं म्हणलं आसतं तर त्ये खोटं पडलं आसतं."

कुठलंही मोजमाप हातात आलं की आधी विचारायचं, कुणी घेतलं आणि कशाने. पहिल्या सेमिस्टरचा पहिला धडा आहे. मला पैकीच्या पैकी मार्क होते.

निघताना त्या म्हणाल्या, "मग आता बरुबर हाय म्हणून लिव की. मालकांच्या नावाम्होरं माजंबी नाव घाल. आन त्यो कागद मला आणून दाव. मला वाचाय येतंय अजून."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात आणते."

तोंडी परीक्षा जवळ आली होती. दुरुस्ती द्यायची म्हणजे सरांना सांगायचं, की ज्याला तुम्ही कडक म्हणालात ती माझी चूक होती. मग इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू आला. तिथे विचारलं, डेटा क्लीनिंगचं उदाहरण द्या. मी याच विहिरीचं दिलं.

खरं काय ते मला तेव्हा माहीत होतं.

इंटर्नशिप मिळाली. पुढच्या महिन्याचे पाच महिने झाले.

आज दुपारी मातीला गेले होते. सगळं उरकल्यावर त्यांची सून जवळ आली.

"त्यो कागद आणलाईस का? सारख्या इचारायच्या. बाजारच्या एसटीचा आवाज आला की म्हणायच्या, बघ गं, ती पोरगी आली का."

नव्हता आणला. लिहिलेलाच नव्हता.

दाराशी चप्पल घालताना हात पुन्हा त्या खाचेवर गेला.

सोलापूरला परतताना बसमध्ये दुरुस्ती टाइप केली. सरांना पाठवली आहे, इंटर्नशिपच्या ऑफिसलाही. ते काय करायचं ते करतील. त्यातली एक ओळ इथे देते, कारण जिला दाखवायची होती तिला दाखवता आली नाही.

"वगळलेल्या सर्व नोंदी ग्राह्य. निरीक्षक : कौसाबाई. सही : त्यांचे पती. एक परस = चार फूट दहा इंच. आधीची चूक विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थिनीची."

आजी, तुमचं मोजमाप बरोबर होतं.

कागद उशिरा आणला. नमस्कार.