खालचं अर्धं पान

शाणूबाब दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी अडकवत, तर तिच्याखालीही 'संपले' असं लिहीत. 'उद्या अर्धा लिटर जास्त. संपले.' पहिल्यांदा ती वाचली तेव्हा दूधवाल्याला वाटलं, घरातलं दूधच संपलं. त्याने बाहेर ठेवलेलं भांडं काठोकाठ भरून टाकलं. रजेचा अर्ज असो, वाण्याची यादी असो, शाणूबाबांच्या हातच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी तो शब्द असायचाच. थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेच्या मसुद्याखालीही त्यांनी तो लिहिला होता. बायकोने वेळीच पाहिला म्हणून छापायचा राहिला.

आमच्या ऑफिसात या सवयीची भरपूर थट्टा होई, आणि थट्टा करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. पण ती सवय लागली कशी हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यात माझाच हात होता.

ऑफिस डिचोलीत, एका खाण कंपनीचं. शाणूबाब मूळचे कोरगावचे. आठवडाभर डिचोलीत खोली घेऊन राहत आणि शनिवारी पेडण्याची बस धरून घरी जात. वीस-बावीस वर्षं ते मराठी टाइपरायटरवर बसलेले. खाणीवरचे कामगार बहुतेक सिंधुदुर्गातले. त्यांच्यासाठी फळ्यांवर लागणाऱ्या सगळ्या सूचना शाणूबाबांच्या हातून जात. मी मयेहून रोज येणारी, कॉम्प्युटरचा कोर्स करून नव्याने चिकटलेली. त्यांच्या टेबलासमोरच माझं टेबल होतं. मला ते 'बाय' म्हणत आणि दिवसातून दहा वेळा विचारत, "बाय, पंखो बंद केलो मगे?"

इतका घाबरट माणूस मी पाहिला नाही. ऑफिसला कुलूप लावून चार पावलं जात आणि परत येऊन ओढून बघत. लिफाफा चिकटवला की आत पत्र घातलं होतं का या शंकेने तो पुन्हा फोडत. मी वैतागले की शांतपणे म्हणत, "भियेवपी मनीस दोन फावट पळयता, बाय. चूक दुसरे फावट दिसता." चूक दुसऱ्या वेळीच दिसते हे त्यांचं मत; माझा विश्वास एकदाच बघण्यावर होता. मी तरुण होते, आणि कॉम्प्युटर येत असल्याचा ताठाही होता.

गोव्याला राज्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. कोकणी की मराठी या भांडणात आमच्या दोन कारकुनांचं बोलणं तुटलं होतं, ते अजून सांधलं नव्हतं. अशात ऑफिसात लेझर प्रिंटर आला. इंग्रजी पत्रं त्यातून लोण्यासारखी बाहेर पडत. मराठीचं पान घातलं की तो घुटमळे, आणि कधी कधी अर्धंच पान बाहेर टाकून पिवळा दिवा लावून बसे. त्यावरून त्या दोघांची जुंपली, कोणाची भाषा अवघड म्हणून. शाणूबाब मान वर न करता म्हणाले, "झगडूं नाकात रे. दोगांचीं अक्षरां तींच, आनी मशिनाक दोगांचींय येनात."

त्यात थट्टा नव्हती, खरंच तसं होतं. इंग्रजी अक्षरं प्रिंटरच्या पोटात कारखान्यातूनच भरलेली होती. आपली अक्षरं मात्र कॉम्प्युटरला दर वेळी चित्रासारखी एकेक करून त्याच्याकडे पाठवावी लागत, आणि ती ठेवायला प्रिंटरची मेमरी इवलीशी. लहान पत्र असलं तर भागे. मोठी ठळक अक्षरं, भोवती चौकट असं काही असलं की मेमरी भरून जाई. मग बटण दाबलं की राहिलेला मजकूर वेगळ्या कागदावर येई.

एका दुपारी तशीच सूचना आली. खाणीवर वरचा चिऱ्याचा कडक थर फोडण्यासाठी सुरुंगाचं काम पुन्हा सुरू होणार होतं. शाणूबाबांनीच आग्रह केला, अक्षरं ठळक घे, चौकट घाल, धोक्याची गोष्ट आहे. पाच फळे, पाच प्रती. प्रत्येक प्रत दोन तुकड्यांत आली. वरच्या कागदावर मथळा, 'सुरुंगाचे काम उद्यापासून सुरू होत आहे' आणि 'सर्वांनी काळजी घ्यावी'. वाक्य पूर्ण, पूर्णविराम जागेवर. खालच्या कागदावर चारच ओळी: वेळ दुपारी साडेबाराऐवजी सकाळी अकरा, आणि झरीकडची पायवाट त्या वेळी बंद. हे कागद नंतर जोडून चिकटवू असं मी ठरवलं, तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी आत बोलावलं. जाता जाता मी शिपायाला, भिकूला, म्हटलं, "फळ्यांच्या प्रती टेबलावर आहेत."

भिकूने मथळेवाले पाच कागद उचलले आणि जीपमधून खाणीवर पाठवले. फळ्यांवरच्या प्रतींवर सही नसायची, ती फायलीतल्या प्रतीवर असे. त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. उरलेले पाच जवळजवळ कोरे कागद त्या काटकसरी माणसाने शाणूबाबांच्या गावेतात, म्हणजे टेबलाच्या खणात, कच्च्या कामासाठी ठेवून दिले. आणि मी बाहेर आले ती थेट बसला पळाले. एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला शाणूबाबांनी बेरीज करायला त्यातला एक कागद काढला. उलटा करून बघितला. अर्थातच बघितला, शाणूबाबच ते. आणि त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"बाय, हें अर्दें हांगा कशें?"

मी टेबलावर पाहिलं, मथळ्याचे कागद तिथे नव्हते. त्यांनी फोन फिरवला, खाणीवरची लाइन लागेना. जीप साहेबांना घेऊन पणजीला गेलेली. झरीकडची ती पायवाट डोंगराच्या मागून वर येते, तिथून सुरुंगाच्या वेळी लावलेले लाल बावटे दिसत नाहीत. आणि भोंगा पाळी बदलतानाही वाजतो, त्याकडे कोण लक्ष देतं? त्या वाटेने कामगारवस्तीतल्या बाया अकराच्या सुमाराला पाणी आणायला जात. हे सगळं शाणूबाब मला सांगत होते आणि सांगता सांगताच जिना उतरत होते. खाली भाड्याची मोटारसायकल चालवणारा पायलट उभा होता. शाणूबाब जन्मात मोटारसायकलवर बसले नव्हते. ते पायलटच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले आणि गेले.

मी खिडकीशी उभी राहिले. सुरुंगाचा आवाज डिचोलीपर्यंत येतो, काचा थरथरतात. अकरा वाजले. आवाज आला नाही. म्हणजे वेळेवर पोचले, की तिथे काही भलतंच घडून सगळं थांबलं? अकरा दहा झाले. भिकू कोपऱ्यात बसून देवाचं नाव घेत होता. मी त्याला मनातून शिव्या देत होते आणि त्याहून जास्त स्वतःला. अकरा पंचवीसला काचा थरथरल्या. पण आवाज आला म्हणजे सगळे सुखरूप आहेत असंही नव्हतं. त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते मला आजही सांगता येत नाही.

दीड वाजता शाणूबाब आले, डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीने माखलेले. खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मी ग्लास भरून दिला. नऊ बाया वाटेवर होत्या. शाणूबाबांनी आडवं उभं राहून त्यांना मागे फिरवलं होतं, आणि त्याआधी मुकादमाला गाठून, आपण सांगेपर्यंत वात पेटवायची नाही असं बजावलं होतं.

मी रडायला लागले. ते मला रागावले नाहीत. भिकूलाही नाहीत. प्रिंटरकडे बघत म्हणाले, "मशीन फट मारीना गो. अर्दें सांगता. फट परवडली. ती मागीर तरी कळटा." फट म्हणजे खोटं; ते निदान मागाहून तरी कळतं.

त्या दिवसापासून प्रत्येक सूचनेच्या तळाशी 'संपले' आलं. शाणूबाब एकेका फळ्यासमोर उभे राहून कामगारांना बजावून आले: तळाशी हा शब्द नसेल तर कागद अर्धा आहे असं समजा, जागेवरून हलू नका, ऑफिसात येऊन विचारा. त्या नऊ बायांत दोडामार्गाकडची पार्वती होती. तिला वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी काडीने मातीत तो शब्द काढून दाखवला, आणि तिच्याकडून तीनदा गिरवून घेतला.

मग ते प्रिंटरच्या मागे लागले. त्याची पुस्तिका त्यांनी शब्दकोश घेऊन वाचून काढली, आणि एक दिवस साहेबांसमोर उभे राहिले: याला जास्तीची मेमरी बसवता येते. ते तिला 'याद' म्हणत. साहेब म्हणाले, सूचना इंग्रजीत काढा, ती पूर्ण येते. शाणूबाब म्हणाले, "पूर्ण येता, सायबा. पूण वाचतलो कोण?" शेवटी मुंबईहून मेमरीचं कार्ड मागवायला साहेबांनी परवानगी दिली, पण बजावलं: बसवताना काही मोडलं तर यापुढे सगळं इंग्रजीत. पणजीचा दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत आलाच नाही. म्हणून ते काम शाणूबाबांवर आलं, ज्यांना घरचा बल्ब बदलतानाही घाम फुटे.

कार्ड चंदेरी पिशवीत होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, अंगातली वीज कार्डात जाऊ नये म्हणून आधी धातूला हात लावा. झालं! शाणूबाब प्रत्येक वेळी उठून जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, लोखंडी गजाला हात लावून येत. प्रिंटरची वायर काढली, गजाला हात. झाकण उघडलं, गजाला हात. मी म्हटलं, "शाणूबाब, दुरुस्ती चाललीय की प्रदक्षिणा?"

"हांस तूं," ते म्हणाले. "मोडलें जाल्यार पार्वतीक इंग्लीश तूं शिकयतली?"

मी हसायची थांबले. त्यांनी कार्ड खाचेत धरलं, डोळे मिटले आणि दाबलं. 'कट' असा आवाज झाला. आम्हाला वाटलं, मोडलं. पुस्तिका उघडून पाहिलं, तो आवाज व्हायलाच हवा होता.

प्रिंटर सुरू करून चाचणीचं पान काढलं. त्यावर मेमरीचा आकडा वाढलेला दिसला. शाणूबाबांनी तो आकडा बोटाने दोनदा पुसून बघितला. मग ती सुरुंगाची सूचना तशीच्या तशी पाठवली. पान आलं. अर्धं! पिवळा दिवा पेटला. साहेब केबिनच्या दारातून बघत होते, ते आत गेले. शाणूबाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे यांच्याने व्हायचं नाही.

त्यांनी पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं. तिथे होतं ते. नुसतं कार्ड बसवून भागत नाही. प्रिंटरच्या बटणांच्या यादीत आता एक नवी सोय आलेली असते, अख्ख्या पानासाठी मेमरी राखून ठेवायची. ती आपण चालू करायची. आणि कॉम्प्युटरलाही कळवायचं की समोरच्याची मेमरी वाढली आहे, नाहीतर तो जुन्याच हिशेबाने पाठवत राहतो. शाणूबाबांनी कपाळावर हात मारला. "चेडवागेर सांगलें, न्हवऱ्यागेर कोण सांगतलो?" मुलीकडे लग्न ठरल्याचं कळवलं आणि मुलाकडे कळवायचं राहिलं, तसं झालं होतं. प्रिंटरची बटणं त्यांनी दाबली, कॉम्प्युटरमधला आकडा मी बदलला. दोघांनीही दोनदा बघितला.

पान सरकत बाहेर आलं. शाणूबाबांनी मथळ्याकडे पाहिलंच नाही, कागदाची खालची कड धरून शेवटच्या ओळीपासून वाचायला लागले. सकाळी अकरा. पायवाट बंद. संपले. सगळं एका कागदावर होतं. ते खुर्चीत बसले आणि खूप वेळ तो कागद मांडीवर घेऊन राहिले. इतकं खूश मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी म्हटलं, "आता तो शब्द काढून टाकू या. आता काही तुटायचं नाही."

"मशिनाची याद वाडली, बाय," ते म्हणाले. "माजो भंय उणो जावंक ना."

तो शब्द राहिला. पुढे वर्षानुवर्षं राहिला, आणि दूधवाल्याच्या चिठ्ठीपर्यंत पसरला. आम्ही हसत राहिलो.

निवृत्तीला दोन वर्षं असताना एका रविवारी शाणूबाब कोरगावला, घरच्या काजूच्या झाडांत फिरताना गेले. सोमवारी सकाळी ऑफिसात फोन आला. साहेबांनी मला बोलावून सूचना काढायला सांगितली: कंपनीचे जुने कर्मचारी निधन पावले, ऑफिस दुपारी बंद राहील. मी टाइप केली. शेवटच्या ओळीखाली बोटं थांबली. त्यांच्या नावाखाली तो शब्द मला लिहवेना. तसाच कागद काढला आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लावला.

अर्ध्या तासाने भिकू आला, बाहेर कोणी बोलावतंय म्हणून. फळ्यासमोर पार्वती उभी होती. कसलासा फॉर्म द्यायला वस्तीवरून आली होती, केस बरेच पिकलेले. तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"बाय, तो शबुद नाय हंय. खालचो अर्दो खंय?"

मी म्हटलं, "एवढंच आहे गं, पार्वती."

"नाय," ती म्हणाली. "शाणूबाबांनी सांगल्यानी हा, शबुद नाय तर जाग्यारसून हलूचा नाय. तेंका बोलव."

ती हलायला तयार नव्हती. मी आत गेले, शाणूबाबांच्या टेबलावरचं पेन घेतलं, परत येऊन फळ्यावरच्या कागदाखाली हाताने लिहिलं: संपले. पार्वतीने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, आणि तिचं समाधान झालं.

"आता सगळा इला," ती म्हणाली. "आता वाच, काय लिवलला हा ता."

मी वरपासून वाचायला सुरुवात केली.