स्कार्फ आणि टिळा

वर्ध्याच्या एका साडीच्या दुकानात ती काउंटरवर असते. बोरगाव मेघेहून येते, एवढंच मला ठाऊक. नाव कधी विचारलं नाही. डोक्याला घट्ट स्कार्फ, आणि साडी दाखवताना पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून, मान तिरपी करून हसायची सवय.

एकदा आईसोबत साडी बघत होतो. कपाळावर टिळा लावलेले नवे मॅनेजर आमच्यादेखतच तिला म्हणाले, "काल सांगितलं होतं ना, स्कार्फ काढून या? नाहीतर मागे गोडाऊनमध्ये बसा."

तिने साडी खाली ठेवली. "साहेब, मी वकीलबाईले विचारलं. नियम करा, पन सगळ्यायले सारखा करा, म्हणे. मंग तुमाले टिळा पुसा लागन." मग आवाज उतरवून म्हणाली, "पन मले तुमचा टिळा पुसाचा नाई न, साहेब. चांगला दिसते तुमाले."

मॅनेजर गल्ल्याकडे निघून गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही, असं तिनेच पुढे सांगितलं.

त्या दिवशी मात्र नवी साडी उलगडताना घडी दोनदा तिच्या हातातून सुटली. आईने तिचे हात धरून ठेवले.

"सावकाश दाखव, बाई. आमी बसलो हावोत."